पल्याडची ताटली

१

स्टीलच्या मांडणीतली एक खाच रिकामी होती. राजनंदिनी तिच्याकडे टक लावून बघत होती, जणू बघून बघून ताटली परत येणार होती.

"सकाळी हितंच होती, ताई. शेड उघडलं तवा मी सोता पाहिली."

करुणा मांडणीसमोर उभी होती. पोटऱ्यांपर्यंत काळा चिखल, चपला हातात, पदर खोचलेला. हिंगोली आगारात ती कंडक्टर होती आणि आज तिची सुट्टी होती. फाट्यावर उतरून चिखल तुडवत ती आली होती ती एका प्लास्टिकच्या ताटलीसाठी. ताटलीवर तिच्या भावाचं नाव होतं, आणि भाऊ चार महिन्यांपूर्वी याच पाण्यात गेला होता.

सिद्धेश्वर धरणाच्या फुगवट्याकाठी विजयकुमार साहेबांचा खडकाळ माळ होता. कुसळंसुद्धा नाखुशीनं उगवतील अशी जमीन. साहेब पुण्याची नोकरी संपवून परतले आणि माळावर नऊ लोखंडी खांब रोवून त्यांनी प्रत्येकाला साखळ्या आणि टोपली लावली. लांबून तबकडी फेकायची, ती साखळीला लागून टोपलीत पडली की झालं. खेळाचं नाव डिस्क गोल्फ. आसपासच्या लोकांनी आधी 'साहेबाचं डोकं फिरलं' म्हटलं, मग तबकडीला ताटली म्हणायला लागले, आणि आता त्यांचीच पोरं दर रविवारी ताटल्या फेकायला येत होती.

ताटल्या हरवायच्याही भरपूर. बाभळीत, निवडुंगात, पाण्यात. म्हणून ताटलीच्या पोटाकडे मार्करनं नाव आणि फोन लिहायची रीत होती. सापडली की राजनंदिनी ती शेडमधल्या मांडणीत उभी करायची, खालची बाजू फोटोत घ्यायची आणि धन्याला फोन लावायची. मसाजी धनगराची ही पोरगी. भटकं मेंढरू कळपात शिरलं तर ज्याचं त्याला नेऊन द्यायचं, हे बापाकडून शिकलेली. मेंढरू काय आणि ताटली काय, तिला फरक वाटत नव्हता.

आणि आज तिच्या मांडणीतून चोरी झाली होती.

२

बंटी बुडाला तेव्हा पाणी वर होतं. चौथ्या दिवशी तो समोरच्या काठाला, मसाजीच्या मेंढवाड्याखाली लागला. तो मेंढवाडा सोडला तर त्या काठाला ना रस्ता, ना टोपली, ना माणूस. पोराला पोहता येत नव्हतं. मग असं पोर तिकडं कशाला जाईल? लोकांनी उत्तर आपलं आपणच देऊन टाकलं: मरायला.

त्या दिवशी सकाळी घरात भांडण झालं होतं. बंटी पोलीस भरतीची तयारी सोडून ताटल्या फेकत हिंडतो, म्हणून माय तडकली होती. पद्माबाईंच्या तोंडून निघून गेलं, "जा, कुठं बी जाऊन मर!" मराठवाड्यात कोणती आई हे म्हणत नाही? दिवसातून दोनदा म्हणते आणि संध्याकाळी लेकराला गरम भाकरी वाढते. पद्माबाईंना मात्र ती भाकरी वाढायला मिळाली नाही. तेव्हापासून त्या आतल्या खोलीत बसून होत्या. करुणा ड्यूटीवर जायची, यायची, स्वयंपाक करायची, आणि त्या खोलीच्या दाराशी येऊन अडखळायची. आत जावं तर बोलायला शब्द नाही, बाहेर राहावं तर जीव आत. चार महिने घर असं कोंडलेलं होतं.

काल राजनंदिनीचा फोन आला. "ताई, बंटीदादाची ताटली माझ्या बाला पल्याड सापडली." खेळणाऱ्यांच्या ग्रुपवरही तिनं तेच सांगितलं होतं, सोबत फोटो.

पल्याड. म्हणजे समोरच्या काठाला. तो मरायला गेला नसेल ही उरलीसुरली आशाही गेली, करुणाला वाटलं. पोरगा आवडती ताटली घेऊन तिकडं गेला असणार. पण तिनं मायला सांगितलं तेव्हा चार महिन्यांत पहिल्यांदा माय स्वतःहून बोलली.

"आणून दे मला," ती म्हणाली.

आता रिकाम्या हातानं त्या दाराशी परत जायचं? करुणानं चपला खाली ठेवल्या. एवढ्यात विजयकुमार साहेब धापा टाकत शेडमध्ये आले.

"कालव्याची चारी फुटली! सगळा रस्ता पाण्याखाली. आता संध्याकाळपर्यंत कुणाला माळावरनं हलता येणार नाही."

३

कालव्याच्या पाण्याची पाळी सुटली होती आणि कुठल्या तरी अतिशहाण्यानं आपल्या भुईमुगासाठी चारीचा काठ कोरून ठेवला होता. काळी माती पाणी प्यायली की गाडीला सोडत नाही. मागे फुगवटा आणि पलीकडचा बिनरस्त्याचा काठ, पुढे चिखल, मधे माळ. करुणा आली तीच शेवटची. पाणी तिच्या मागोमाग पसरलं होतं.

माळावर तिच्याशिवाय चारच माणसं अडकली होती: साहेब, राजनंदिनी, कॉलेजात खेळ शिकवणारे देविदास सर, आणि बंटीचा जिवलग मित्र रणजीत. म्हणजे ताटली घेणारा इथंच होता, आणि ताटलीही इथंच. करुणाला त्यातल्या त्यात बरं वाटलं. चालत्या बसमध्ये पाकीट गेलं की ती दार बंद करून गाडी थांबवायची. आज चारीनं तिचं काम केलं होतं.

"चोर शोधायची गरजच काय?" साहेब राजनंदिनीकडे बघून गरजले. "किल्ली कुणाकडं असते?"

राजनंदिनीचे डोळे भरले. "साहेब, मीच फोन करून बोलावलं अन् मीच चोरू?"

"तिला बोलू नका," करुणा म्हणाली. "तुम्ही सांगा. सकाळपासून कुठं होतात?"

साहेबांना असं विचारणारं माणूस बऱ्याच दिवसांत भेटलं नव्हतं. ते चिडले, आणि चिडलेला माणूस खरं बोलून जातो. "मला ती ताटली नकोच होती इथं! पुन्हा चर्चा, पुन्हा पोलीस. पोरगं मेलं समोरच्या काठाला अन् नाव खराब माझ्या मैदानाचं. पल्याड गाळात सापडली तर तिकडंच राहू द्यायची. पण मी हात लावला नाही. मी सातव्या टोपलीची साखळी जोडत होतो."

देविदास सर सावलीत बसून रुमालानं मान पुसत होते. मऊ माणूस, पोरांना रागवतानाही आधी माफी मागणारा. "करुणाताई, मी राजनंदिनीला म्हणालो होतो, नको बोलावू. त्या माउलीच्या जखमेवर मीठ कशाला? गाळातनं निघालेली वस्तू, परत गाळात टाकावी."

"म्हणजे तुम्ही टाकलीत?"

"नाही हो! मनात आलं होतं. खोटं कशाला बोलू? पण मी शेडमध्ये गेलो तेव्हा खाच आधीच रिकामी होती. मला वाटलं, तुम्हीच येऊन घेऊन गेलात."

राहिला रणजीत. तो शेडच्या मागे आपल्या गाडीचं चाक उकरत होता. साहेबांची आणि सरांची गाडी मैदानाकडं तोंड करून सुकी उभी होती. याची मात्र रस्त्याकडं तोंड करून अर्ध्या चाकापर्यंत रुतली होती.

"ताई, जय भीम." तो उठला. हात कोपरापर्यंत काळे झाले होते. बंटी गेल्यावर तेराव्यापर्यंत रोज घरी येऊन बसणारा हा पोरगा. बंटीसोबत भरतीची तयारी करणारा. त्या दिवशी मात्र तो औंढ्यातूनच घरी वळला होता, बंटी एकटाच पुढे गेला, असं त्यानं पोलिसांना सांगितलं होतं.

"तू शेडमध्ये गेला होतास का रे?"

"न्हाई ताई. आल्यापसून पाय बी न्हाई टाकला तिथं. बंटीची वस्तू बघवली नसती." त्यानं चिखलाच्या हातानंच डोळे पुसले, आणि ते नाटक नव्हतं. "तुमी लई तकलीफ घेऊन राहिल्या. चार महिने ऊन-वारा खात अडकून राहिलेली ताटली, आता गेली तं गेली. बंटी थोडाच वापस येतो?"

करुणानं मान हलवली. बोलणं मायेचं होतं. तरी तिच्या मनात काहीतरी टोचलं, आणि ते काय हे तिला कळेना.

४

ती पुन्हा मांडणीपाशी आली. उन्हानं पत्रा तापला होता. बाहेर पाणी, आत घाम, आणि चौघांपैकी एक जण तिच्या भावाची शेवटची खूण दडवून बसलेला.

"फोटो दाखव," ती राजनंदिनीला म्हणाली.

फोटोत ताटलीचं पोट होतं. निळ्या मार्करनं लिहिलेलं 'बंटी', खाली फोन नंबर. ब ची पोटफोडी रेघ त्याच्या सवयीप्रमाणं बाहेर निघालेली. करुणाला क्षणभर पुढचं दिसेनासं झालं. तिनं डोळे पुसले आणि परत पाहिलं.

"घासून धुतलीस का गं?"

"न्हाई. बानं दिली तशीच ठेवली. धुवायची गरजच न्हाई पडली. कोरी करकरीत होती."

"वरची बाजू कशी होती? फोटोत दिसत नाही."

"लाल होती पहिली. आता पार गुलाबी. उन्हानं रंग उडालेला."

करुणा थबकली. ताटलीच्या कडेला आतून खोबण असते. गाळातून निघालेल्या वस्तूच्या खोबणीत गाळ नको? आणि गाळात पुरलेल्या वस्तूचा रंग उन्हानं कसा उडेल?

"तुझ्या बाला नेमकी कुठं सापडली?"

"पल्याड म्हनला. परवा रातच्याला भाकरी खाता खाता दिली मला. मी ईचारलं, कुठं गावली? तं म्हने पल्याड. तसंच मी तुमाला सांगितलं."

"बा कुठं आहे आत्ता?"

राजनंदिनीनं बाहेर बोट दाखवलं. फुगवटा आटून मधे नाल्याएवढीच धार राहिली होती. ती ओलांडून मेंढरं या काठाला चढत होती, आणि त्यांच्या मागे खांद्यावर फांद्या ओढायची आकडी टाकून मसाजी येत होता.

५

मसाजी शेडच्या सावलीत टेकला. मेंढरं बाभळीच्या शेंगा शोधत पांगली. साहेबांनी कपाळाला आठ्या घातल्या; मेंढरांना टोपल्यांचं आणि मसाजीला साहेबांचं, दोघांनाही काही वाटत नव्हतं.

"काका, बंटीची ताटली तुम्हाला कुठं सापडली?" करुणानं विचारलं.

"पल्याड."

"पल्याड कुठं? गाळात?"

"गाळात काहून असंल?"

करुणा त्याच्याकडे बघत राहिली. तिचा सगळा जन्म एकाच प्रश्नावर चालला होता. बसमध्ये चढलेला माणूस म्हणतो, 'पुढच्या स्टॉपपर्यंत द्या.' तो जागा झाला कुठं, चढला कुठं, यावर पुढचा स्टॉप ठरतो. आपण कुठं उभे आहोत ते माणूस सांगतच नाही. त्याला वाटतं, ते जगाला ठाऊकच आहे. म्हणून ती सवयीनं जे विचारायची तेच तिनं आता विचारलं.

"कुठून पल्याड, काका?"

मसाजी हसला. "कुठून म्हंजी? आमच्या वाड्यापसून! आमी राहून राहिलो त्या काठाला. तं आमचं पल्याड म्हंजी हे. हितंच की, माय!" त्यानं आकडीनं खाली उतारावर दाखवलं. पाचव्या टोपलीच्या पुढे, सुकलेल्या पात्रात एक बाभूळ उभी होती. "त्या बाभळीच्या शेंड्यात अडकेल होती. पानी व्हतं तवा बुडखा बुडेल, शेंडा वर. परवा शेंगा पाडाया आकडी लावली अन् ताटली डोक्यात पडली माझ्या."

राजनंदिनीनं जीभ चावली. बारा महिने या काठाला काम करूनही तिच्या तोंडात घरचंच पल्याड होतं, आणि ऐकणाऱ्या प्रत्येकानं ते आपापल्या पायाखालून मोजलं होतं.

"त्या बाभळीपाशी पाणी किती होतं तेव्हा?" करुणानं विचारलं.

"गुडघाभर दिसतं. पन तिच्या बुडाशी जुनी इहीर हाय, बुडीतात गेलेली. तिच्यात बुडेल समदं तरंगत आमच्याच काठाला लागतं. आमाला म्हाईत. खेळनाऱ्या पोरांना काय म्हाईत?"

करुणा उठून उभी राहिली. मघापासून टोचणारा काटा आता तिच्या हाताला लागला होता.

६

"सगळे आत या," ती म्हणाली. आले. रणजीत दाराशीच उभा राहिला.

"काल फोन आल्यापासून प्रत्येकाला एवढंच माहीत होतं, की ताटली पल्याड सापडली. साहेब म्हणाले, गाळात. सर म्हणाले, गाळातनं. मीही तेच समजले. पाणी आटलेल्या काठाला दुसरं असतंय काय? ती या काठाच्या बाभळीत अडकली होती, हे राजनंदिनीलाही आत्ता कळलं. ठाऊक होतं ते एकट्या मसाजीकाकांना." ती वळली. "आणि तुला, रणजीत."

"मला? मला कसं, ताई?"

"तू म्हणालास, चार महिने ऊन-वारा खात अडकून राहिली. गाळातल्या वस्तूला वारा कुठला? आणि गाळात वस्तू रुतते रे, अडकते ती झाडात."

रणजीतनं ओठांवरून जीभ फिरवली. "रंग... रंग उडालेला दिसला म्हणून बोललो असंन."

"कुठं दिसला? फोटोत पोटाकडची बाजू आहे. रंग उडालाय पाठीचा. शेडमध्ये तर तू पाय टाकला नाहीस."

बाहेर एक मेंढी शिंकली.

"शेडमध्ये पाय टाकला नाही, त्या दिवशी औंढ्यातूनच वळलो, या दोन्हींपैकी एक तरी खोटं आहे," करुणा म्हणाली. "ताटली सकाळी पाहिलीस, नाहीतर अडकताना पाहिलीस. मला वाटतं, दोन्ही. सकाळी उचललीस आणि गाडी काढलीस. म्हणून सगळ्यांत तुझ्याच गाडीचं तोंड रस्त्याकडं आहे. चारी फुटली नसती तर ताटली नदीत गेली असती, आणि माझा भाऊ जन्मभर जीव दिलेला पोरगा राहिला असता."

रणजीत खाली बसला. मग उठला, गाडीपाशी गेला, सीटखालून ताटली काढून आणली आणि करुणाच्या पायापाशी ठेवली.

"मीच फेकली होती," तो म्हणाला. "त्याचीच ताटली, पन फेक माझी. वाऱ्यानं नेली अन् बाभळीत बसली. मी म्हनलं, राहू दे. तो म्हनला, माझं नाव हाय तिच्यावर, कशी राहू देऊ? पँट वर करून उतरला. गुडघ्याएवढंच पानी होतं, ताई. झाडापाशी गेला अन् एकदम... गेलाच. मला पवता येत न्हाई. काठावर पळत राहिलो. मग वाटलं, केस होईल. भरती हातातली जाईल. अन् मी पळालो. ओरडलो बी न्हाई. आज ताटली दिसली तं वाटलं, आता समदं बाहेर येईल, म्हनून उचलली."

"ओरडला असतास तर मसाजीकाकांनी ऐकलं असतं," करुणा म्हणाली.

"व्हय," रणजीत म्हणाला. "रोज ऐकू येतंय मला ते. भरतीला बी न्हाई गेलो मग. पळून गेलो तवापसून तिथंच काठावर हाय मी."

देविदास सर रुमाल तोंडाला लावून बाहेर गेले. विजयकुमार साहेबांनी पोलिसांना फोन लावायला खिशात हात घातला. करुणानं त्यांना थांबवलं.

"पोलिसांना सांगायचंच आहे. ते काही लगेच पोचत नाहीत. त्याआधी एक फोन माझा आहे."

७

माळाच्या उंच टोकाला, पहिल्या टोपलीपाशी, फोनला रेंज होती. करुणा पुढे, रणजीत मागे. त्याला ओढावं लागलं नाही. तिचा हात मात्र शिवशिवत होता. तेराव्यापर्यंत हा पोरगा आपल्या घरात बसून चहा प्यायला आणि माय चार महिने आतल्या खोलीत स्वतःला खात राहिली. एकदा कानाखाली काढावीशी वाटली. काढली असती तरी कुणी काही म्हटलं नसतं.

मायनं फोन उचलला. नेहमीसारखी गप्प.

"माय, बंटी मरायला नव्हता गेला," करुणा म्हणाली. "खेळायला गेला होता. झाडात अडकलेली ताटली काढायला उतरला. खाली जुनी विहीर होती, त्याला माहीत नव्हती."

करुणा बोलत राहिली. बाभूळ, पाणी, रणजीत, सगळं सांगितलं. बोलता बोलता तिला रडू फुटलं. ती तशीच बोलत राहिली. शेवटी मायचा आवाज आला, घोगरा, बरेच दिवस न वापरल्यासारखा.

"रणजीत हाय का तिथं?"

"आहे."

"दे."

करुणानं फोन स्पीकरवर टाकून त्याच्या हातात दिला. रणजीतनं फोनसकट दोन्ही हात जोडले, जसं काही पद्माबाई समोरच उभ्या होत्या. शिव्या येतील, तळतळाट येईल, तो मान खाली घालून वाट बघत होता. करुणाही वाट बघत होती. ते झालंच पाहिजे, असं तिला वाटत होतं.

"रणजीत," पद्माबाई म्हणाल्या, "पान्यात उतरताना तो रागात व्हता का रे? सकाळचं काही बोलला व्हता का?"

हा प्रश्न रणजीतच्या सात जन्मी ध्यानात आला नसता. तो आठवू लागला. त्याला आठवायला काही लागत नव्हतं, रोज तेच तर दिसत होतं.

"न्हाई, मावशी," तो म्हणाला. "हसून राहिला व्हता. मी वाकडी फेकली म्हनून मला चिडवून राहिला व्हता. म्हनला, चल लवकर, मायनं भाकरी केली असंल, आज भांडून आलो तं दोन जास्तीच करती ती."

पद्माबाईंनी हंबरडा फोडला. फोनमधून तो माळभर ऐकू गेला. गेल्या चार महिन्यांत त्या एकदाही रडल्या नव्हत्या. करुणा ते ऐकत खडकावर बसून राहिली, आणि फोन रणजीतच्या हातात तसाच राहू दिला.